पाच कोसांवरची गाय

हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा कार्तिकी जवळ आलेली असेल. कोणाची पिशवी भरून तयार असेल, कोणी दिंडीच्या मालकांना फोन करून निघण्याचा दिवस विचारून घेतला असेल. आणि आपल्यातलेच कित्येक माळकरी त्या दिवसांत पंढरीलाही नसतील आणि घरीही नसतील. ते कामावर असतील. कोणी ट्रक घेऊन परमुलखात, कोणी एस.टी.ची मुक्कामाची गाडी घेऊन तालुक्याच्या टोकाच्या गावी, कोणी सीमेवर, कोणी आखातात, कोणी बंगळूरला चौघांत घेतलेल्या खोलीवर, कोणी उसाच्या फडात. आज आपल्याशी बोलायचे आहे ते त्यांच्याविषयी, आणि त्यांच्या घरी जी माणसे मागे राहतात त्यांच्याविषयी.

प्रश्न जुनाच आहे. दिंडीत चालताना, विसाव्याला, कीर्तन संपल्यावर बुवांच्या पाया पडताना तो दरवर्षी कोणीतरी हळूच विचारतो. "महाराज, पोटासाठी घरापासून लांब राहतो. माळ हातात घेतली की देव आठवायच्या ऐवजी घर आठवतं. धाकटीचा चेहरा पुढं येतो, आईचं खोकणं ऐकू येतं. हा मोहच म्हणायचा ना? आणि हा सुटत नाही तोवर माझं भजन लटकंच का?" विचारणारा बहुधा मान खाली घालून विचारतो, जणू काही चोरीच कबूल करतो आहे.

यावर दोन उत्तरे अगदी तयार असतात. पहिले असे : "बाबा रे, कोणाची बायको आणि कोणाची पोरं? धर्मशाळेत एका रात्रीपुरती जमलेली ही मंडळी. जीव कशाला गुंतवतोस?" वैराग्याचे हे निरूपण खोटे आहे असे कोण म्हणेल? पण कोणते निरूपण कोणाला आणि केव्हा सांगावे, याला काही ताळतंत्र हवे. जो घरात बसून सकाळसंध्याकाळ 'माझे माझे' करतो, त्याला ते औषध लागू पडते. ज्याचे घर त्याच्या हातून आधीच सुटले आहे, त्याला तेच पाजणे म्हणजे उपाशी माणसाला लंघन सांगणे आहे.

दुसरे उत्तर गोड असते. "अरे, त्यांच्यासाठीच तर राबतोस ना? महिन्याच्या महिन्याला पैसे पाठवतोस ना? मग खंत कसली?" हे ऐकून विचारणाऱ्याच्या जिवाला बरे वाटते. मला मात्र हे उत्तर पहिल्यापेक्षाही धोक्याचे वाटते. घरच्यांचे नाव घेऊन घरच्यांचेच तोंड बंद करण्याची त्यात सोय आहे. त्याकडे पुढे वळू. आधी मोहाचे पाहू.

आपल्या संप्रदायाचा उगम जरा आठवून पाहा. आपेगावचे विठ्ठलपंत आळंदीच्या सिधोपंतांचे जावई झाले. संसारात मन रमेना म्हणून काशीला गेले आणि त्यांनी संन्यास घेतला. इकडे रुक्मिणीबाई आळंदीत अश्वत्थाला प्रदक्षिणा घालीत राहिल्या. पुढे काय झाले ते आपण शेकडो कीर्तनांत ऐकले आहे. विठ्ठलपंतांचे गुरू तीर्थयात्रेला निघालेले असताना आळंदीत उतरले, रुक्मिणीबाईंनी नमस्कार केला, गुरूंनी पुत्रवती होण्याचा आशीर्वाद दिला, आणि मग त्या बाईंच्या तोंडून सारी हकीकत बाहेर पडली. ही कथा आपण पुढच्या चार भावंडांकडे पाहत ऐकतो, म्हणून मधल्या एका गोष्टीवर थांबत नाही. गुरूंनी रुक्मिणीबाईंना काय सांगितले नाही, ते पाहा. "पती परमार्थाला लागला आहे, तू मोह सोड," असे ते म्हणाले नाहीत. हाती घेतलेली यात्रा अर्ध्यावर सोडून ते काशीला माघारी गेले आणि शिष्याला म्हणाले, घरी जा.

संन्याशाने घरी परतणे ही त्या काळी केवढी अवघड गोष्ट होती, हे त्या कुटुंबाने पुढे जे सोसले त्यावरून दिसतेच. तरीही आज्ञा झाली ती घरी जाण्याची. निवृत्तिनाथ, ज्ञानोबाराय, सोपानकाका, मुक्ताई ही चारही भावंडे त्या परतीनंतरची. पिंपळाखाली वाट पाहणाऱ्या एका बाईचे दुःख गुरूंनी मोह म्हणून झटकून टाकले असते, तर आज आपण कोणाची पालखी खांद्यावर घेतली असती?

दुसरी साक्ष नामदेवरायांची. ज्ञानोबारायांनी तीर्थयात्रेला सोबत चला म्हटले, तेव्हा नामदेवराय पंढरी सोडायला तयार नव्हते. देवाने सांगितले म्हणून गेले. तीर्थावळीच्या अभंगांत हा सगळा प्रसंग आहे. वाटेने नामदेवरायांचा जीव पंढरीसाठी तळमळतो. ज्ञानोबाराय त्यांना समजावतात की देव व्यापक आहे, तो एका ठिकाणी बांधलेला नाही. हे म्हणणे नामदेवरायांना नाकारायचे नव्हते. पण त्यांना विटेवरचे तेच रूप डोळ्यांपुढे हवे होते. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे इकडे राउळात देवही कष्टी झालेला आहे. रखुमाई विचारते, आज असे का? तर नामा दूर गेला म्हणून. आता सांगा, दूर गेलेल्याची आठवण येणे हाच मोह असेल, तर पांडुरंगालाच तो जडला म्हणावे लागेल.

आपण पंढरीला माहेर म्हणतो तेही याच अंगाने. सासुरवाशीण दिवाळीत मुराळी येतो की नाही म्हणून उंबऱ्याशी येऊन वाट न्याहाळते, ती ओढ संतांनी देवासाठी उसनी घेतली. वाईट नाण्याने कोणी देवापुढे व्यवहार करील का? जिला माहेर कधी आठवलेच नाही, तिला पंढरीचे माहेरपण कळायला अवघडच जाईल.

म्हणून मान खाली घालून विचारणाऱ्या त्या माळकऱ्याला पहिले उत्तर हे : तुझी ओढ लटकी नाही आणि तिने तुझे भजनही लटके होत नाही. माळ ओढताना धाकटीचा चेहरा आला, तर येऊ दे. ती गेली की माळ आहेच.

याच गोष्टीवर नामदेवरायांचे एक पद आहे. शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात त्यांची 61 पदे आहेत, त्यांतले. पंजाबात गुरदासपूर जिल्ह्यात घुमानला नामदेवरायांचे स्थान आहे, 2015 साली तेथे मराठी साहित्य संमेलनही झाले, ते आपल्याला ठाऊक असेलच. हे पद उत्तरेकडच्या बोलीत आहे आणि त्रिलोचन या भक्ताला उद्देशून आहे. त्यात एकामागून एक दृष्टान्त येतात. पोरगा पतंग उडवतो, सोबत्यांशी गप्पा मारतो, पण त्याचे चित्त दोरीत असते. बायका पाण्याने भरलेल्या घागरी घेऊन हसतखिदळत येतात, चित्त घागरीत. गाय पाच कोसांवर चरायला जाते, चित्त वासरात. आई घरातबाहेर कामे करीत असते, चित्त पाळण्यातल्या बाळात.

या पदात डोळे मिटून बसलेले कोणी नाही. पोर खेळते आहे ते सोडले, तर बाकीचे सारे कामात आहेत. कोणी पाणी आणते, कोणी रानात पोट भरते, कोणी घर आवरते. आणि गाय तर पाच कोस दूर! दूर राहून चित्त कसे लावावे हे शिकवण्यासाठी नामदेवरायांनी पोटासाठी दूर गेलेली गाय निवडली. परगावच्या खोलीत रात्री भिंतीकडे तोंड करून पडलेल्या माणसाने हे पद आपलेच समजावे. ज्या चित्ताने तो वासराकडे पाहतो, तेच चित्त देवाकडे वळवायचे आहे. ते चित्त अशा माणसाजवळ तयार आहे. ज्याला कशाचीच ओढ नाही त्याने वळवायचे तरी काय?

पण वाचकहो, दृष्टान्त एका अंगानेच घ्यायचा असतो. चंद्रासारखे मुख म्हटले म्हणून मुखावर डाग शोधायचे नसतात. गाईचा दृष्टान्त चित्ताचा आहे, पोटाचा नाही. वासराची भूक गाईच्या चित्ताने भागत नाही. गाय संध्याकाळी परत येते, पान्हा सोडते, वासराला चाटते, तेव्हा ते जगते. पाच कोसांवर गेलेली गाय सहा महिने तिकडेच राहिली आणि 'माझे चित्त वासरातच आहे' म्हणाली, तर तिचे म्हणणे खरे असूनही वासरू वाळेल. दुसऱ्या, गोड उत्तरात मला धोका दिसतो तो इथे.

मागे राहिलेल्यांचे म्हणणे ऐकायचे असेल, तर त्यासाठीही आपल्याला परक्या ग्रंथाकडे जायला नको. नामदेवरायांच्या गाथ्यात गोणाईचे अभंग आहेत, राजाईचे आहेत. गोणाई ही आई, राजाई ही पत्नी. दोघीही तक्रार करतात. गोणाई थेट विठोबाशी भांडते की माझा मुलगा तू माझ्यापासून तोडलास. राजाई आपले गाऱ्हाणे रखुमाईपुढे घालते, बाईने बाईला सांगावे तसे. घरात काय आहे, काय नाही, पोरांचे काय चालले आहे, ते सारे त्यात येते. नामदेवराय देवासाठी घराकडे पाठ फिरवीत होते, पैशासाठी नव्हे. तरीही घरच्यांची तक्रार गाथ्यातून कोणी पुसून टाकली नाही. शतकानुशतके लिहिणाऱ्यांनी ती उतरवून घेतली. तुकोबारायांच्या जिजाईला लोक सहज कजाग म्हणून मोकळे होतात. पण तीच जिजाई भाकरी घेऊन भंडाऱ्याचा डोंगर चढत होती, हेही परंपरेनेच सांगितले आहे. देवासाठी घर विसरणाऱ्यालाही जिथे जाब विचारला गेला, तिथे पगारासाठी दूर गेलेल्या तुम्हाआम्हाला तो चुकेल कसा?

म्हणून परगावी असणाऱ्याने पैसे पाठवले की हिशेब मिटला, असे समजू नये. घरचे काय म्हणतात ते ऐकावे. ते तक्रार करीत असतील तर एका अर्थी बरेच आहे. ज्या घराने तक्रार करणे सोडले, त्या घराने वाट पाहणेही सोडलेले असते. (मागे राहणाऱ्यांनाही एक विनंती. फोन लागला की आधी गॅसची टाकी, फी आणि भाऊबंदकी सांगू नये. दिवसभर गाडी चालवून आलेल्या माणसाला आधी 'जेवलात का' एवढे विचारावे. टाकी पाच मिनिटांनी सांगितली तरी चालते.)

जे परगावी आहेत ते सगळे एकाच कारणाने आहेत, असेही नाही. काहींना दुसरा मार्गच नाही. काहींना होता, काहींना आता झाला आहे. पहिली दोन वर्षे कर्ज फेडायला, पुढची चार घर बांधायला, मग शेजारच्या प्लॉटला, मग त्या प्लॉटच्या कंपाउंडला. गावोगाव अशी दुमजली घरे दिसतात. खाली म्हातारी आई एकटी, वर कुलूप. गरज कुठे संपली आणि हाव कुठे सुरू झाली, हे बाहेरून कोणी सांगू शकत नाही, मीही सांगत नाही. पण त्या कुलपाकडे एकदा निवांत बसून पाहावे. आणि हे फक्त पुरुषांचे आहे असेही समजू नये. बदलीच्या गावी राहणारी शिक्षिका, शहरात नर्सचे काम करणारी लेक, यांनाही हेच भोगावे लागते. वर लोक त्यांना 'पोरांना टाकून गेली' म्हणतात, जे बापाला कोणी म्हणत नाही.

आता वारीकडे येतो, कारण खरी अडचण तेथे आहे आणि ती आपली, वारकऱ्यांची आहे.

माझ्या ओळखीचे एक माळकरी गलाईच्या कामाला दक्षिणेत असतात. खानापूर-आटपाडीकडची माणसे सोने-चांदी गाळण्याच्या या धंद्यात देशभर पसरली आहेत. दूरच्या एखाद्या लहान शहराच्या सराफकट्ट्यातही त्यांचे दुकान सापडते. हे गृहस्थ दुसऱ्याच्या दुकानात राबतात. वर्षाला पंधरा दिवसांची सुटी. आळंदीहून पंढरीपर्यंतची पायी वाटचाल त्याहून अधिक दिवसांची, म्हणून ते दरवर्षी पुढे सासवडला दिंडी गाठत आणि एकादशी झाली की कुर्डुवाडीला येऊन रेल्वेने थेट कामावर जात. सात-आठ वर्षे एकही वारी चुकली नाही. दिंडीत त्यांचे कौतुक होई, आणि ते योग्यच होते. एके वर्षी आईने फोनवर विचारले, "पंढरपुरातनं गाव अडीच तासांवर, आणि तू कुर्डुवाडीला गाडी धरतोस?" पुढे ती काही बोलली नाही.

त्यांनी हे दिंडीतल्या एका वृद्ध विणेकऱ्यांना सांगितले आणि विचारले की पंधरा दिवसच मिळत असतील तर वारी करावी की घरी जावे? मला वाटले होते, आता नेमाचे महत्त्व सांगितले जाईल. विणेकऱ्यांनी एवढेच विचारले, "आईचं वय काय?"

या प्रश्नावर आपण थोडे थांबू या. नेम मोडणे ही आपल्याकडे लहान गोष्ट नाही. वारी ही काही सहल नाही की जमले तर गेलो. कितीही पाऊस असो, पेरणी असो, दुखणे असो, एकादशीला पंढरी, असा पिढ्यान्‌पिढ्यांचा धाक आहे, आणि या धाकानेच संप्रदाय टिकला. तेव्हा कोणी आक्षेप घेईल की तुम्ही वारकऱ्यांच्या अंकात वारी चुकवायला सांगता काय?

तर पुंडलिकाची गोष्ट पुन्हा वाचू या. पुंडलिक आईबापांच्या सेवेत असताना देव दारी आला. पुंडलिक उठला नाही. त्याने वीट टाकली आणि थांबायला सांगितले. ही गोष्ट आपण पुंडलिकाचे माहात्म्य म्हणून सांगतो. थोडे देवाच्या बाजूनेही पाहावे. देव रागावला नाही, निघून गेला नाही, 'मी तुझ्या दारी आलो आणि तू पाय चेपत बसलास' म्हणाला नाही. तो विटेवर उभा राहिला, आणि ते उभे राहणे हेच त्याचे रूप झाले. ज्या समचरणांवर आपण डोके ठेवतो ते चरण एका मुलाने आईबापांना सोडले नाही म्हणून तेथे थांबलेले आहेत. अठ्ठावीस युगे जो थांबला आहे, तो तुमच्या आईसाठी आणखी एक आषाढ थांबणार नाही, असे आपण कोणत्या तोंडाने म्हणायचे?

माझे मत स्पष्ट सांगतो. वर्षाकाठी मोजकेच दिवस हाती असतील आणि घरी वाट पाहणारे असतील, तर ते दिवस आधी घराचे. वारीचा नेम घराण्याचा असतो. बाप थकला की मुलगा जातो, मुलगा अडला की सून जाते, पुतण्या जातो. पताका खाली पडत नाही. सावता महाराजांनी अरणचा मळा सोडला नाही, तर पांडुरंगच त्यांच्या भेटीला गेला, असे आपण मानतो आणि म्हणून पंढरीहून देवाची पालखी अरणला येते. आईजवळ बसायला मात्र दुसरा कोणी पाठवता येत नाही. हे ज्यांना पटणार नाही त्यांच्याशी मी वाद घालणार नाही. त्यांनी आपल्या आईला विचारून ठरवावे.

वारी या शब्दाकडे जरा बारकाईने पाहिले तर तिची रीत घरालाही लावता येते. वारी म्हणजे नुसते जाणे नव्हे, पुनःपुन्हा जाणे-येणे. पौर्णिमेला गोपाळपुरी काला झाला की वारकरी माघारी फिरतो. पंढरीत तो कायमचा राहत नाही. पण पुढची तिथी ठरलेलीच असते, आणि त्या ठरलेपणावर तो वर्षभर जगतो. 'बघू, रजा मिळाली तर,' असे कोणताही वारकरी एकादशीविषयी म्हणत नाही. घराविषयी मात्र आपण सगळे तेच म्हणतो. परगावी असणाऱ्याच्या मुलाला सर्वांत जास्त काय खुपते, तर बाप कधी येणार हे ठाऊक नसणे. महिन्यातला एक दिवस, वर्षातले दोन आठवडे, जेवढे हातात असेल तेवढे, पण तिथीसारखे ठरलेले असावे. नागपंचमी म्हणजे नागपंचमी. मालकाला आधीपासून सांगून ठेवावे, तिकीट काढून ठेवावे, आणि एकदा ठरवले की पावसापाण्याची सबब चालू देऊ नये. आषाढीला कुठे चालते?

त्या गलाईवाल्या गृहस्थांनी पुढच्या वर्षी घरी बारा दिवस काढले. माउलींची पालखी लोणंदहून तरडगावला जाते तो टप्पा लहान आहे, आणि त्याच वाटेवर चांदोबाचा लिंब येथे पहिले उभे रिंगण होते. तेवढा एक दिवस ते बायकोला आणि लेकीला घेऊन चालले. आईला चालवत नव्हते म्हणून तिला पुढे गाडीने आणून रस्त्याच्या कडेला बसवले होते. घोडा धावत गेला तेव्हा लेक बापाच्या खांद्यावर होती. विणेकरी दिसले, त्यांनी हात जोडले आणि दिंडी पुढे गेली. पंढरीपर्यंत त्या वर्षी त्यांच्या घरातून पुतण्या गेला.

दूर असतानाच्या दिवसांसाठी एक साधा नेम काही घरांत मी पाहिला आहे. संध्याकाळची एक वेळ ठरलेली असते. घरी आई, बायको, मुले हरिपाठाला बसतात. तिकडे तो खोलीवर, डेपोत, गाडीच्या केबिनमध्ये त्याच वेळी हरिपाठ म्हणतो. फोन लावायचाच असे नाही. लावला तर बोलण्यात वेळ जातो आणि हरिपाठ राहतो. पण सात वाजले की मुलांना ठाऊक असते, बाबा आता पहिला अभंग म्हणत आहेत. वळणावळणाच्या घाटात गाडी असेल तर त्याने मनात म्हणावा, टाळी वाजवू नये.

आता ज्यांना तिथी ठरवणे हातातच नाही त्यांचे. बीड, अहिल्यानगर, धाराशिव, जालना या दुष्काळी टापूंतून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोड कामगार निघतात, ते पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि ती तोडीतून फिटेपर्यंत परतता येत नाही. धाकटी पोरे सोबत फडावर, शाळेत जाणारी आजीआजोबांजवळ नाहीतर हंगामी वसतिगृहात. कारखान्याचा पट्टा पडतो तो फाल्गुन-चैत्राकडे. ही माणसे गावी असतात तेव्हा आषाढी येते, म्हणून आषाढीच्या वाटेवर आपल्याला ती भेटतात, आपल्याबरोबर चालतात. कार्तिकी आणि माघी या दोन्ही वाऱ्या मात्र त्यांच्या फडातच जातात. पट्टा लवकर पडला तर चैत्री गाठता येते. त्यांना 'घरी जास्त जा' म्हणण्याचा आपल्याला अधिकार नाही. गरज आणि हाव यांचा वर केलेला विचारही त्यांच्यासाठी नव्हता. पंढरीच्या बाजारात आपण चुरमुऱ्यांबरोबर बत्तासे आणि साखरफुटाणे प्रसाद म्हणून बांधून घेतो, त्या साखरेत त्यांचे घरापासून दूरचे दिवस आहेत. ते गोड लागतात यात आपला दोष नाही, पण कोणाचे आहेत ते ठाऊक असावे.

कार्तिकीला आपल्या दिंड्या ज्या वाटांनी जातात, त्यांतल्या कित्येक वाटा उसाच्या पट्ट्यातून आहेत. कारखान्याच्या आसपास, कालव्याच्या कडेला पाचटाच्या कोप्या दिसतील. मुक्काम जवळ असेल तर संध्याकाळचा हरिपाठ तंबूत करण्याऐवजी तेथे जाऊन करावा. जाताना उपदेश नेऊ नये, टाळ न्यावेत. कोपीतही एखादा जोड निघतोच, कारण यांतले पुष्कळ जण माळकरी आहेत आणि चांगले भजन म्हणतात. मंडळी अंधार पडता पडता फडातून येतात, मग चुली पेटतात, म्हणून फार लवकर जाऊन उपयोग नाही. एखाद्या रात्री त्यांना गाडी भरायला जायचे असेल, तर मुकादम हाक मारील आणि ती मधूनच उठतील. अशा वेळी सगळा हरिपाठ होणार नाही. पाच-सहा अभंग झाले तरी चालतील, बाकीचे आपण तंबूत येऊन पुरे करावेत.